जुन्या रायफलीचे पाणी दिलेले भाग आणि ब्लूइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची किंवा वारसाहक्काने आलेली .315 बोअरची रायफल, जुनी दुनळी, नाहीतर आजोबांच्या काळातली एअर रायफल अनेक घरांत आहे. ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा थर) उडालेलं, नळीवर तांबेरा, बोल्टवर डाग, आणि मालकाला ती पुन्हा काळीभोर करून हवी असते. नळीचं काम त्या मानाने सोपं. खरी फसगत होते ती पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या भागांवर: बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा), सिअर (चाप दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा तुकडा), चाप, कॉकिंग पीस (फायरिंग पिनच्या मागचा, सिअरवर अडकणारा तुकडा), फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा), स्प्रिंगा. म्हणून इथे भर त्यांच्यावर दिला आहे.

हे काम मालकाने घरी केलं तर चालतं का?

परवान्याच्या शस्त्राची दुरुस्ती करायला 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार वेगळा परवाना लागतो. पुसणं, तेल लावणं, वरचा हलका गंज काढणं हे मालकाचं काम. भाग सुटे करून पॉलिश आणि ब्लूइंग करायचं असेल तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या, आणि दिल्याची नोंद व पावती घ्या. पुढची माहिती अशा कारागिरांसाठी आहे, आणि आपल्या रायफलीचं काय होणार आहे हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या मालकांसाठीही. 4.5 मिमी (.177) बोअरची, 20 जूलच्या आतली एअर रायफल परवान्यात येत नाही, तिचं काम स्वतः करता येतं.

त्याच कायद्याचं कलम 8 कायम डोक्यात ठेवा. नंबर, कारखान्याचं नाव, ओळखीच्या खुणा पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे. नंबरावर पॉलिश पेपर फिरवायचाच नाही. तेवढा भाग मास्किंग टेपने झाकून कडेपर्यंतच घासा, टेपखालचं जुनं ब्लूइंग तसंच राहू द्या.

कोणता भाग कडक आहे आणि कोणता मऊ, हे कसं ओळखायचं?

बारीक, नव्या कानशीचा कोपरा भागाच्या न दिसणाऱ्या जागी हलकेच ओढून बघा. कानस धरली तर भाग मऊ, काचेवरून घसरावी तशी घसरली तर 60 एचआरसीच्या (रॉकवेल सी या कडकपणाच्या मापाच्या) आसपास कडक. सिअरची धार, बोल्टचे लॉकिंग लग (बंद बोल्ट जागी अडकवणारे दात), बोल्टचं तोंड आणि कॉकिंग पीसचा खाचा इथे कानस लावूच नका. ते भाग कडक आहेत असंच धरून चाला.

कडकपणा दोन प्रकारचा असतो. काही भाग आरपार कडक असतात, उदाहरणार्थ फायरिंग पिन आणि स्प्रिंगा. काही भाग केस हार्डनिंग केलेले असतात, म्हणजे वर मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची कडक साल आणि आत मऊ गाभा. जुन्या रायफलींच्या रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा) आणि सिअरवर हा प्रकार बराच दिसतो. अशा भागाचा कडकपणा रॉकवेल सी वर मोजला तर आकडा फसवा येतो, कारण 150 किलोचा भार पातळ साल दाबून गाभ्यात उतरतो. कमी भाराचं सुपरफिशियल किंवा विकर्स माप मागा.

ब्लूइंग म्हणजे नेमकं काय, आणि त्याच्या पद्धती किती?

पोलादाच्या वरच्या थराचं मॅग्नेटाइट होणं, म्हणजे लोहाचं काळं ऑक्साइड. तो रंगाचा लेप नव्हे, आणि गंज थांबवणारं कवचही नव्हे. थर अतिशय पातळ आणि सच्छिद्र असतो. त्यात तेल धरून राहतं म्हणून संरक्षण मिळतं. कोरडं ब्लूइंग गंजतंच.

निवड करताना बघायचं ते तापमान. रस्ट ब्लूइंगमध्ये, म्हणजे मुद्दाम बारीक गंज चढवून तो उकळून काळा करण्यात, भाग उकळत्या पाण्यापलीकडे जात नाही. हॉट ब्लूइंग, ज्याला आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ब्लॅकोडायझिंग म्हणतात, ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात साधारण 140 ते 155 अंशांवर होतं. नायटर ब्लूइंग वितळलेल्या सोऱ्यात (नायट्रेट मिठांच्या मिश्रणात) 290 ते 310 अंशांवर. आणि कोल्ड ब्लू नुसतं पुसून, थंडच.

मग कडक भागांना कोणती पद्धत?

आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या रायफलीला रस्ट ब्लूइंग. वेळ खातं, पण 100 अंशांच्या वर काहीच जात नसल्याने पाणी उतरण्याचा प्रश्न येत नाही, दुनळीच्या नळ्यांमधलं शिशाचं झाळकाम सुटत नाही, आणि येणारा सॅटिन काळा रंग जुन्या कामाशी जुळतो. हॉट ब्लूइंगच्या तापमानालाही पाणी दिलेल्या भागांचा कडकपणा नाव घेण्याइतका घटत नाही, कारण केस हार्डनिंग केलेले भागही बहुधा 150 ते 200 अंशांवर टेम्पर केलेले (पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलके तापवलेले) असतात. पण त्यातलं गरम कॉस्टिक मऊ झाळ खातं आणि ॲल्युमिनियम विरघळवतं. दुनळी आणि ॲल्युमिनियमचा ट्रिगर गार्ड त्यात कधीही टाकू नये.

स्क्रू आणि पिना ज्योतीवर छान निळ्या होतात. बोल्टही तसाच केला तर?

नाही. या एका चुकीने रायफल कायमची धोकादायक होते.

उसाच्या कोयत्याला पाणी दिल्यावर लोहार पात्यावरचा रंग बघून तापवणं थांबवतो, तेच शास्त्र इथे आहे. स्वच्छ घासलेलं पोलाद तापवलं की 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळं दिसतं, 240 ला गडद पिवळं, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळं, 300 ला निळं, आणि पुढे राखाडी. निळा रंग आला याचा अर्थ तो भाग 300 अंशांपर्यंत टेम्पर झाला. 60 एचआरसीची सिअर तिथे साधारण 55 पर्यंत खाली येते. धार झिजते, खाच गोल होते, आणि रायफल आपोआप सुटू लागते. लॉकिंग लग मऊ पडले तर ते दबतात आणि हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो. रंग पुन्हा देता येतो, पण तयार, मापात बसलेल्या बोल्टला पुन्हा पाणी द्यायला गेलं की तो वाकडा होतो.

दस्त्याचे स्क्रू, साइटचे स्क्रू, स्लिंगच्या कड्या यांना नायटर ब्लूइंग शोभतं. करायचंच असेल तर भाग हाडासारखा कोरडा हवा. वितळलेल्या सोऱ्यात पाण्याचा थेंब गेला तर तो स्फोटासारखा उडतो. तेल, लाकूड, कोळसा गेला तर पेट घेतो. फेस शील्ड, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि काम उघड्यावर.

जुनं ब्लूइंग आणि गंज काढायला ॲसिड वापरावं का?

मऊ नळीसाठी साधं पांढरं व्हिनेगर (4 ते 5 टक्के) पुरतं. कापड भिजवून 10 ते 20 मिनिटं लपेटायचं, मग खळखळून धुवायचं आणि लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. नंबर असलेल्या जागेपासून ते लांब ठेवा.

कडक भाग आणि स्प्रिंगांना ॲसिड लावू नका, हायड्रोक्लोरिक तर नाहीच. ॲसिडच्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. वरून काहीच दिसत नाही. स्प्रिंग महिन्याभराने, ताणाखाली असताना तुटते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढण्याची पद्धत मऊ लोखंडाला उत्तम, पण तिथेही हायड्रोजन सुटतोच, म्हणून कडक भागांना तीही नको.

यांच्यासाठी सगळ्यात सौम्य उपाय म्हणजे उकळणं. ग्रीस काढलेला गंजका भाग डिस्टिल्ड पाण्यात 20 ते 30 मिनिटं उकळा. लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, मग तो 0000 स्टील वूलने सहज निघतो. चांगली धातू खर्ची पडत नाही, आणि गंजाखाली अजून शिल्लक असलेलं मूळ ब्लूइंग बऱ्याचदा वर येतं. पुष्कळ रायफलींना एवढंच पुरतं. पॉलिशची गरजच पडत नाही, आणि जुन्या वस्तूची किंमतही टिकते.

पॉलिश किती नंबरपर्यंत करावं?

रस्ट ब्लूइंगला 320 ते 400 पुरे. आरशासारखी चकाकी दिली तर गंजाला पकड मिळत नाही. हॉट ब्लूइंगला 400 ते 600. 220 ने सुरुवात करायची तीही खड्डे असतील तरच.

पेपर बोटाने धरून घासू नका. सपाट भागाला लाकडी किंवा फायबरचा ठोकळा, गोल नळीला पट्टी. नळी शेवटी लांबीच्या दिशेने घासा. बफिंग मशीनवर कडा गोल होतात, पिनेच्या भोकांची तोंडं बशीसारखी पसरतात, कोरलेली अक्षरं वाहून जातात. जवळून बघितल्यावर चुकीचं काम सगळ्यात आधी स्क्रूच्या भोकाभोवतीच दिसतं.

केस हार्डनिंगच्या भागावर खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासण्याचा हट्ट सोडा. साल पातळ आहे. ती फोडून गाभा उघडा पडला तर तो पॅच रंगही वेगळा घेतो आणि लवकर झिजतो. खड्डा राहिला तर राहू द्या. सिअर आणि कॉकिंग पीस जिथे एकमेकांना टेकतात, लॉकिंग लगची बसकण, बोल्टचं तोंड आणि चेंबर (काडतूस बसण्याची जागा) या जागांना पॉलिश पेपरचा स्पर्शही नको.

तेल पूर्ण निघालं हे कसं कळतं?

लिटरमागे 50 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून 15 मिनिटं उकळा, गरम पाण्याने धुवा, आणि भागावर पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर भाग स्वच्छ. थेंब गोळा झाले तर पुन्हा उकळा. यानंतर उघडा हात लावायचा नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामाचा ठसा काळ्या रंगाखालूनही दिसतो. स्क्रूच्या आट्यांत, साइटच्या बुडाशी, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत जुनं तेल लपलेलं असतं आणि ते नेमकं पहिल्या उकळीत बाहेर येतं. म्हणून सुटं होईल ते सगळं सुटं करूनच उकळा.

रस्ट ब्लूइंगच्या पायऱ्या सविस्तर सांगाल का?

पाण्यापासून सुरुवात करू. कृष्णाकाठच्या पट्ट्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त आहे, त्यात उकळलेल्या भागावर पांढरट नकाशे उमटतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणीच घ्या. भांडं स्टेनलेस स्टीलचं आणि नळीपेक्षा लांब हवं.

नळीच्या दोन्ही तोंडांत निमुळत्या लाकडी खुंट्या ठोका. त्याच उचलायला मुठीसारख्या वापरता येतात. उकळताना आतली हवा फुगून खुंटी सुटू शकते, तेव्हा नळीचं तोंड आपल्याकडे नको. नळीत आधी स्पिरिटमधल्या चपड्याचा पातळ हात द्या, म्हणजे आतून गंज धरणार नाही.

तयार रस्टिंग सोल्यूशन (गंज चढवणारं द्रावण) कापसाच्या बोळ्याने लावा, बोळा जवळजवळ कोरडा पिळून. एका दिशेने, एकेक लांब हात, परत फिरवायचं नाही. ओघळ आला तर तिथे तांबूस डाग पडतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

मग भाग दमट पेटीत टांगा. प्लायवुडची पेटी, खाली कोमट पाण्याचं भांडं, 40 वॅटचा बल्ब, आणि आर्द्रता मोजायचा छोटा मीटर. 25 ते 32 अंश तापमान आणि 70 ते 80 टक्के आर्द्रता हवी. सांगलीला एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पेटीशिवाय गंज धरतच नाही. उलट जुलैत पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे उघड्या खोलीतही तो काही तासांत भसाभस चढतो, तेव्हा पाण्याचं भांडं काढून घ्या आणि नुसता बल्ब ठेवा. भागावर दव धरलं की खड्डे पडले म्हणून समजा. सोल्यूशनप्रमाणे 3 ते 12 तासांत बारीक, मखमली, नारिंगी लव दिसली की थांबा. खरखरीत खपली येईपर्यंत वाट बघू नका.

आता 15 ते 20 मिनिटं उकळा. नारिंगी लव डोळ्यांदेखत काळी होते. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, तरी क्रिया होते. 5-7 मिनिटं जास्त द्या. बाहेर काढून सुकू द्या आणि ॲसिटोनमध्ये धुतलेल्या 0000 स्टील वूलने, किंवा 0.08 ते 0.13 मिमी तारेच्या मऊ ब्रशने सावकाश काजळी काढा. बाजारातलं स्टील वूल तेलकट असतं, न धुता वापरलं तर पुढचा हात धरत नाही.

पहिल्या फेरीनंतर रंग करडा आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. बरेच जण इथेच धीर सोडतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला रंग एकसारखा होऊ लागतो, आणि 5 ते 8 फेऱ्यांत पूर्ण काळा. शेवटची उकळी लिटरला चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. भाग गरम असतानाच भरपूर तेल चोपडा आणि रात्रभर ठेवून द्या.

नळी काळी झाली, पण बोल्टचा दांडा आणि एक्स्ट्रॅक्टर करडेच राहिले. का?

कडक आणि मिश्रधातूचं पोलाद हळू गंजतं. नळी आणि कडक भाग एकाच वेळापत्रकात बसवले की असं होतं. सोल्यूशन जास्त चोळून उपयोग नाही, त्याने डाग पडतात. वेळ वाढवा: नळीला 4 तास दिले असतील तर कडक भागाला 8 ते 10. पृष्ठभाग फार गुळगुळीत असेल तर ताज्या 320 पेपरचा एकच हलका हात द्या. एवढं करूनही रंग धरला नाही तर पोलादात क्रोमियम जास्त असण्याची शक्यता आहे. स्टेनलेस तर या पद्धतीने काळं होतच नाही. काही जुन्या बोल्टांचा दांडा मुळात पांढराच ठेवलेला असायचा. मूळ स्थिती कशी होती ते बघूनच हात घाला.

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या ब्लॅकोडायझिंगवाल्याकडे भाग टाकले तर?

परवान्याच्या शस्त्राची नळी, बोल्ट, रिसीव्हर असे भाग परवाना नसलेल्या वर्कशॉपमध्ये पाठवू नका. एअर रायफलचे भाग देता येतात. तिथे देताना तीन गोष्टी सांगा: आधी हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवू नका, स्प्रिंगा घेऊ नका, आणि बारक्या नट-बोल्टांच्या फिरत्या पिंपात न टाकता तारेला टांगून करा.

स्वतःची टाकी चालवणाऱ्या कारागिरासाठी: साधारण दोन भाग कॉस्टिकला एक भाग सोडियम नायट्रेट. प्रमाणापेक्षा उकळीचं तापमान महत्त्वाचं, कारण मीठ जितकं दाट तितकी उकळी वर जाते. साध्या कार्बन स्टीलला 140 ते 145 अंश, केस हार्डनिंग आणि निकेल स्टीलला 150 ते 154. वेळ 15 ते 30 मिनिटं. कॉस्टिक थंड पाण्यात थोडं थोडं घालायचं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. तापलेल्या टाकीत पाणी वाढवायचं तर लांब नळीतून थेंब थेंब.

रंग लालसर किंवा जांभळट आला, कशामुळे?

हॉट ब्लूइंगमध्ये बहुधा तापमान चुकल्यामुळे. कडक किंवा निकेलयुक्त रिसीव्हरला 140 अंश कमी पडतात आणि मनुक्यासारखा तांबूस रंग येतो. मऊ नळीला 155 जास्त होतात आणि लाल काजळी बसते. म्हणून दोन्ही एकाच घाण्यात टाकू नका. टाकीत विरघळलेलं लोखंड साठलं तरी लाली येते, तेव्हा वरचा गाळ काढावा लागतो. सिलिकॉन जास्त असलेले काही ओतीव भाग काही केलं तरी जांभळट राहतात. त्यांना रस्ट ब्लूइंग द्या.

दोन महिन्यांनी फटींतून पांढरी पूड यायला लागली.

ते आत अडकलेलं कॉस्टिकचं मीठ. साइटच्या बुडाशी, आट्यांत, नळीच्या जोडात ते राहतं आणि पावसाळी हवेत बाहेर येतं. भाग सुटा करून स्वच्छ पाण्यात अर्धा तास उकळा, दोनदा पाणी बदला, पुन्हा तेल द्या. दुर्लक्ष केलं तर तिथूनच गंज सुरू होतो.

बाटलीतलं कोल्ड ब्लू पुरेल का?

स्क्रूचं डोकं, एखादा ओरखडा, एवढ्यापुरतं ठीक. त्यात सेलेनियस ॲसिड आणि तांब्याचं मीठ असतं आणि वर बसतो तो तांबे-सेलेनियमचा पातळ थर, मॅग्नेटाइट नव्हे. घर्षणाने लवकर निघतो. द्रावण विषारी आहे. हातमोजे घाला, हवेशीर जागी काम करा, मुलांपासून दूर ठेवा. लावण्याआधी भाग हेअर ड्रायरने कोमट केला तर कडक पोलादावरही थोडं बरं धरतं.

जुन्या दुनळीच्या लॉकवर निळे-तपकिरी ढग आहेत. तेही नवे करता येतील?

ते कलर केस हार्डनिंग. हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवल्यावर येणारा रंग, अत्यंत पातळ. त्यावर पॉलिश फिरवलं की गेला. नवा करायचा तर भाग पुन्हा 700 अंशांच्या वर न्यावा लागतो आणि तो वाकण्याचा धोका असतो. उरलेले रंग मेणाचा पातळ थर देऊन जपा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या रायफलीचं काय करावं?

2019 आणि 2021 च्या पुरांनंतर कृष्णाकाठी हा प्रश्न खरोखर पुढे आला. पहिली गोष्ट, चालवून बघू नका. नळीत गाळ असला तर नळी फुटते. रिकामी असल्याची खात्री करा. गाळ सुकायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा, पाणी हटवणारं तेल फवारा, आणि परवानाधारक कारागिराकडे न्या. त्याने दस्ता लगेच वेगळा करायला हवा. लाकूड पाणी धरून ठेवतं आणि नळीची खालची, न दिसणारी बाजू आठवड्याभरात खड्ड्यांनी भरते. लाकूड सावलीत, वजनाखाली, हळूहळू सुकवा. उन्हात ठेवलं तर तडकतं. धातूला मात्र वर सांगितलेली उकळण्याचीच पद्धत. पुराच्या गंजासाठी ती सगळ्यात चांगली.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर नव्या ब्लूइंगची काळजी कशी घ्यावी?

जमा करण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या धातूवर पातळ तेलाऐवजी मेणाचा किंवा घट्ट ग्रीसचा हात द्या, नळीतही. रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये देऊ नका, त्यात ओल कोंडते. सुती कापडाची सैल पिशवी बरी. परत आल्यावर नळीतलं ग्रीस काढल्याशिवाय वापरायची नाही. घरीही चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि मीठ ब्लूइंग खातात.

काम करून आणल्यावर मालकाने काय तपासावं?

नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळवा आणि अक्षरांच्या कडा धारदार आहेत का ते बघा. बोल्टवर किंवा सिअरवर पिवळा, जांभळा, चकचकीत निळा असा तापवल्याचा रंग दिसला तर रायफल ताब्यात घेऊ नका, कारण विचारा. रिकाम्या रायफलीचा बोल्ट चढवून सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा; घोडा पडता कामा नये. हेडस्पेस गेजने मोजून दाखवायला सांगा. शेवटी दस्ता उतरवून नळीची खालची बाजू बघायला मागा; वरून काळी आणि खालून लाल अशी कामं बरीच होतात.